मोठ्या तळ्याचा कोपरा

प्रिय दादा,

मोठ्या तळ्यात परवा सकाळी पाणमांजरं दिसली. एक नाही, तीन. आधी मला वाटलं कुणाची तरी कुत्री पोहतायत. मग त्यातलं एक बांधावर चढलं, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागलं, की जणू मी त्याच्या घरात न विचारता शिरलोय. तोंडात मासा होता, तो त्याने सोडला नाही. मी वल्हं उचलून धरलं आणि होडी तशीच पाण्यावर राहू दिली. बाबा सांगायचे ना, त्यांच्या लहानपणी खाडीत पाणमांजरं होती, आणि आपण दोघं चिडवायचो की तुमच्या लहानपणी सगळंच होतं. बाबा खोटं बोलत नव्हते. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण आता ते नाहीत, म्हणून तुला सांगतोय.

फोनवरही सांगता आलं असतं. पण आपले फोन तुला माहीतच आहेत. तू विचारतोस बरं आहे ना, मी म्हणतो बरं आहे, तू विचारतोस पाऊस काय म्हणतोय, मी म्हणतो पडतोय, मग तू वहिनीकडे देतोस, मी हिच्याकडे देतो आणि त्या दोघी पाऊण तास बोलतात. चौदा वर्षं आपण दोघे भाऊ बायकांच्या मागे उभं राहून एकमेकांची खुशाली ऐकतोय. म्हणून आज ओहोटी लागल्यावर होडी धक्क्याला बांधली आणि शाळेतून मागून आणलेल्या वहीत लिहायला बसलो. पाणी पाच वाजता चढेल, तोवर कुणी पलीकडे जाणार नाही. अक्षर वाईट आहे, पण त्याबद्दल तू काही बोलू नकोस, गिरवायला तूच शिकवलंस.

आपलं कोळंबीचं मोठं तळं आता कसं झालंय ते तू पाहिलेलंच नाहीस. आई गेली तेव्हा दोन दिवस आलास, पण खाडीकडच्या खिडकीला पाठ करून बसलास आणि निघताना स्टँडवर जायलासुद्धा मागचा चढाचा रस्ता धरलास. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हाच झाडं माझ्या खांद्याला लागत होती. आता तिवरं दोन पुरुष उंच झालीत. होडी आत घातली की डोक्यावर छत आल्यासारखं होतं आणि लगेच गारवा लागतो. ओहोटीला खाली बघावं तर चिखलातून पेन्सिली उगवाव्यात तशी श्वासमुळं, पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्यामधून ते एका हाताचे खेकडे, शेकड्यांनी, आपला एकच मोठा हात वर-खाली करत उभे असतात, सगळ्यांना एकाच वेळी कुणाला तरी बोलवायचं असावं तसे. निवट्या चिखलावरून उड्या मारतात. तुला आठवतं, मी त्यांना मासे मानायलाच तयार नव्हतो? मासा पाण्याबाहेर कसा राहील, तो बेडूकच, असं म्हणून मी रडलो होतो. तू अर्धा तास चिखलात लोळून एक पकडलास, त्याचे पर मला दाखवलेस, आणि मी तरीही बेडूकच म्हटलं. भरती चढायला लागली की गोगलगायी खोडांवरून वर सरकतात, पाण्याच्या दोन बोटं पुढे. पानांवर मीठ येतं. परवा मी एक पान चाटून बघितलं. चाळिशी केव्हाच ओलांडलेला माणूस होडीत एकटा बसून पान चाटतोय. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

यातलं एकही झाड कुणी लावलेलं नाही. तू गेलास त्या वर्षी तिथे नुसता करडा चिखल होता आणि वास असा की लोक नाक धरून जायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोटभर रोपं दिसली. पलीकडच्या काठावरच्या झाडांवरून भरतीबरोबर बिया तरंगत आल्या होत्या, आत शिरल्या आणि पाणी उतरताना चिखलात रुतून बसल्या. त्याच सुमारास एक साहेब आले आणि शेजारच्या धाकट्या तळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम झाला. फलक लावला, मुलांना टोप्या दिल्या, साहेबांनी बूट न काढता एक रोप लावलं, त्याचे चार बाजूंनी फोटो झाले. पाचशे रोपं होती. पुढच्या वर्षी फलक तेवढा उभा होता. धाकट्या तळ्याचा बांध अजून धड आहे ना, भरतीचं पाणी आत येत नाही आणि पावसाचं बाहेर जात नाही. उन्हाळ्यात पांढरी खपली धरते, पावसात गंजासारखं तांबडं पाणी साचतं. चौदा वर्षांत तिथे गवताची काडी उगवली नाही. आणि मधला एक बांध ओलांडला की मोठ्या तळ्यात पाणमांजरं.

हा फरक का, हे मला चिखलबाईंनी समजावलं. चिखलबाई म्हणजे दोन वर्षांपासून इथे येणाऱ्या संशोधक मॅडम. नाव चांगलं आहे त्यांचं, पण वस्तीने हेच ठेवलंय आणि त्यांनाही ते आवडतं. माझ्याच होडीतून जातात. लांब पोलादी नळ्या चिखलात ठोकतात, भरलेली नळी दोघांनी मिळून उपसून काढायची, मग त्या आतला चिखल बोटाबोटाने कापून डब्यांत भरतात आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं बाई जरा सरकलेली आहे. मग हळूहळू कळायला लागलं. ही झाडं हवेतला जो धूर ओढून घेतात, तो पानामुळांतून या चिखलात जातो आणि चिखलात हवाच नसल्यामुळे कुजून परत वर येत नाही, शेकडो वर्षं तसाच पडून राहतो. एवढ्याशा जागेत एवढा साठा डोंगरावरच्या जंगलातसुद्धा नसतो म्हणे. खेकडे पडलेली पानं ओढून बिळात नेतात, त्यांच्या बिळांमुळे मुळांना हवा मिळते. खेकडे नसतील तर झाडं गुदमरतील. आणि आपण बाजारात विकतो त्यातल्या कितीतरी मासळीची पिल्लं पहिले काही महिने याच मुळांच्या जाळीत लपून वाढतात, मोठा मासा आत शिरू शकत नाही म्हणून. जाळीवाल्या मावशी आता म्हणतात, अलीकडे जाळ्यात पुन्हा काहीतरी लागायला लागलंय. त्यांना खेकड्यांचं कौतुक नाही, पण जाळ्यात काय लागतं ते बरोबर कळतं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुझ्यासाठी नीट लिहितो. झाडं तोडून तळं खणलं की खालचा काळा चिखल पहिल्यांदा उन्हाला लागतो आणि त्यातून आम्ल सुटतं. पाणी तांबडं होतं ते त्यामुळे. कोळंबीचं कवच मऊ पडतं, अंगावर डाग येतात, रोग पटकन धरतो. तिसऱ्या वर्षी तू चुन्याची पोती रिकामी करत रात्रंदिवस बांधावर फिरायचास आणि म्हणायचास की बियाणं खराब मिळालं, माझीच निवड चुकली. दादा, बियाणं चांगलं होतं. तू काहीही केलं असतंस तरी तेच झालं असतं. ते तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि ज्यांनी तळ्यांची योजना समजावली त्यांनाही ठाऊक नसावं. हे ऐकलं त्या दिवशी तुला फोन करायला घेतला होता. तू विचारलंस बरं आहे ना, आणि मी म्हटलं बरं आहे.

झाडं तोडताना करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं हे मी विसरलेलो नाही. लोक म्हणतात तुझ्या दादाने जंगल तोडलं. दोघांनी तोडलं. तू शहरातून आलास, कागद पसरून तळ्यांचे आकडे समजावलेस, आजूबाजूच्या पाच घरांनी आपापली खाडीकाठची जमीन दिली, सहावं आपलं घर. मला ते सगळं पटलं होतं. आईला फिट यायला लागल्यापासून तिला दवाखान्यात न्यायला साधी गाडी मिळायची नाही, आणि तू म्हणालास दोन वर्षांत दारात गाडी असेल. आली की दारात. पहिली दोन वर्षं काय दिवस होते. बाबा मात्र तोडणीच्या पूर्ण महिन्यात घराच्या मागच्या बाजूला बसायचे. एकदाच मला म्हणाले, 'बोळ तेवढा ठेवा.' मी तुला ते सांगितलं नाही. नकाशात बोळ मोठ्या तळ्याच्या कोपऱ्यात येत होता, तो ठेवला असता तर आकार बिघडला असता.

बोळ आठवतो ना तुला? मला अलीकडे फार आठवतो. खाडीतून आत शिरणारा तो चिंचोळा ओहोळ, वल्हं दोन्ही बाजूंच्या मुळांना लागायचं म्हणून आपण वल्हं आत घेऊन फांद्या धरधरून होडी ओढायचो. बाबा पुढे बसून खेकड्यांच्या बिळांत लोखंडी आकडी घालायचे, तू मधे, मी मागे. आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद आणि मुळांमधून टिक टिक टिक, कुणीतरी बोटं मोडत असावं तसा. बाबा म्हणायचे कोळंबी टिचक्या वाजवते. खंड्या डोक्यावरून सुळकन जायचा. एकदा मी छातीपर्यंत रुतलो, तू मला काखेत धरून उपसलंस, माझी चड्डी चिखलातच राहिली आणि तू स्वतःचा सदरा मला नेसवून घरी नेलंस. ते तू वस्तीत कुणाला कधी सांगितलं नाहीस. इतर भावांनी सांगितलं असतं. मी नुसतं 'दादा' म्हटलं की मला अजून तो सदरा आठवतो, ओला, अंगाला चिकटलेला.

मागच्या महिन्यात चिमणीचा फोन आला होता, तुम्हाला न सांगता. तिला मी अजून चिमणीच म्हणतो, सतरा वर्षांची झाली तरी. तिने विचारलं, "काका, बाबांचं खरंच तळं होतं का? आई म्हणते होतं, बाबा म्हणतात जुन्या गोष्टी कशाला." मी म्हटलं, होतं, मोठं होतं. मग म्हणाली, "बाबा पाऊस लागला की झोपत नाहीत. घरातले सगळे नळ बघतात, गच्चीचं दार बघतात, पुन्हा बघतात. कामावर गोदामातसुद्धा सगळे गेल्यावर कुलपं तेच ओढून बघतात. त्यांच्या हातून काय चूक झाली होती, काका?" होडीत माणसं चढतायत असं खोटंच सांगून मी फोन ठेवला. त्या दिवशी सकाळपासून एकही माणूस आला नव्हता.

वादळाबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. उधाणाची भरती आणि वादळ एकाच सकाळी आलं. पलीकडच्या काठाला झाडं होती, तिथे लाटा झाडांतच मोडल्या, घरांची कौलं उडाली आणि तेवढ्यावर भागलं. आपल्याकडे पाणी खाडीकडचा आणि वस्तीकडचा अशा दोन्ही बांधांवरून सरळ वस्तीत आलं. नऊच्या सुमाराला वारा पडला, ओहोटी लागली, पण पाणी उतरेना. खाडीकडच्या बांधाने ते आत अडवून धरलं होतं, पाणी सोडायच्या झडपेत लाकडं-पत्रे अडकले होते आणि वरून डोंगरातलं पाणी येतच होतं. वस्तीकडचा बुटका बांध बुडाला होता, त्यावर तू कोळंबी निसटू नये म्हणून जाळी ताणून ठेवली होतीस, ती आठ दिवसांत काढायची होती. शेजारचे शिंपीकाका छपरावरून ओरडले, बांध फोडा. तू म्हणालास, "झडप मोकळी झाली की दोन ओहोट्यांत उतरेल. बांध फुटला तर सहाही घरांचं सगळं गेलं." मग तू माझी होडी घेतलीस आणि माणसं शाळेच्या चढावर न्यायला लागलास. पहिल्या खेपेला वहिनी, चिमणी, ही आणि बाबा. आई तेव्हा अंथरुणालाच खिळलेली, तिला उचलायला दोन माणसं लागायची आणि तिला होडीत आडवं झोपवलं तर दुसरं कुणी मावलं नसतं. तू म्हणालास, "लहान मुलं आधी काढतो, शेवटच्या खेपेला आईला नेऊ. तू तिच्यापाशी थांब." ते बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं.

पुढचं तुला माहीत आहे. दुपारी तू परत आलास तेव्हा वस्तीतलं पाणी गुडघ्याखाली गेलं होतं आणि सगळे ओरडत होते की मोठ्या तळ्याचा कोपरा फुटला. तू घरात न येता थेट तिकडे पळालास. मी मागून आलो. तू त्या भगदाडाच्या काठावर बसला होतास आणि तळ्यातलं सगळं पाणी, सगळी कोळंबी, गढूळ होऊन खाडीत चालली होती. मी तोंड उघडणार इतक्यात तूच म्हणालास, "तू सांगितलं होतंस मला." तीन दिवसांपूर्वी मी सांगितलं होतं खरं, की कोपऱ्यात खेकड्यांनी बिळं केलीत आणि पाणी झिरपतंय, आणि तू म्हणाला होतास उद्या बघू. "मी बघायला हवं होतं," असं तू तीनदा म्हणालास आणि रडलास. तुला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पाचही घरांसमोर तू उभा राहून तेच सांगितलंस, कोपरा कच्चा होता, मला ठाऊक होतं, हलगर्जीपणा माझा. शिंपीकाका तुला नको नको ते बोलले. जाळीवाल्या मावशी उठून गेल्या, ते तुला जास्त लागलं. मी खांबाला टेकून उभा होतो. महिन्याभरात तू बिऱ्हाड हलवलंस आणि निघून गेलास.

दादा, बांध फुटला नव्हता. मी तोडला. तू चौथ्या खेपेला गेलास तेव्हा पाणी आईच्या खाटेला लागलं. मी खाट टेबलावर चढवली. अर्ध्या तासात टेबलाच्या फळीला लागलं. तुझी वाट बघत दारात उभा राहिलो, तू दिसेनास. अंधार पडल्यावर पुढची भरती येणार होती, त्याआधी पाणी गेलं नसतं तर आत आणखी भरलं असतं. मी आईला खाटेला चादरीने बांधलं, फावडं घेतलं आणि जाळीचे खांब धरधरून खाडीकडच्या बांधापर्यंत गेलो. कुठे खणायचं याचा विचार करावा लागला नाही. बोळाचं तोंड होतं तिथेच खणलं, कारण पाणी पूर्वी तिथूनच जायचं हे माझ्या पायांना माहीत होतं. खेकड्यांच्या बिळांनी मदत केली असेल, पण पहिला घाव माझा आणि कंबरभर खणेपर्यंत सगळे घाव माझे. मग पाण्यानेच उरलेलं ओढलं. घरी आलो तेव्हा आई जागी होती. चिखलाने माखलेला मी, हातात फावडं, तिला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "दादाला तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस." मी हो म्हटलं. नंतर ती पाच वर्षं होती, तू फोन ठेवलास की दर वेळी माझ्याकडे बघायची. मी का बोललो नाही याचं चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही. पहिल्या दिवशी तू रडत होतास म्हणून. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर बोलून मोकळा झाला होतास म्हणून. त्यानंतर शिंपीकाका आणि इतर सगळे मला बिचारा म्हणायला लागले, भावाच्या चुकीत भरडला गेला म्हणायला लागले, आणि मला इथेच राहायचं होतं. हे शेवटचं खरं कारण.

आता हे पत्र का, ते सांगतो. मॅडमनी अहवाल लिहायला घेतलाय, त्यात त्यांना धाकट्या तळ्याचा बांधही उघडावा असं सुचवायचंय. त्या म्हणतात, मोठं तळं आपोआप हिरवं झालं, कारण भगदाड नेमकं जुन्या ओहोळाच्या जागी पडलं, आणि बांध बाहेरून लाटांनी फुटला असता तर माती आत पडली असती, इथली सगळी बाहेर पडली आहे. गेल्या मंगळवारी नळी पुसता पुसता त्यांनी मला सहज विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथे होता का, कसं झालं हे? त्यांना काही संशय नव्हता, आणि तरी मी वल्हं टाकून सगळं सांगून बसलो. जे तुला चौदा वर्षं सांगितलं नाही ते एका परक्या बाईला सांगितलं, याची घरी येईपर्यंत मला लाज वाटत होती. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेत सभा आहे. सहाही घरांची संमती लागेल आणि शिंपीकाका आत्तापासून म्हणतायत की बांध गेला की काय होतं ते ह्याच्या भावाने दाखवलंय आम्हाला. त्या सभेत मी उभा राहून सांगणार आहे की कोपरा कुणी तोडला. त्याआधी हे तुला कळायला हवं, अहवालातून नाही, कुणाच्या तोंडून नाही, माझ्या हातचं. आपल्या घराच्या वाट्यावर अजून तुझंच नाव आहे, म्हणून तुझी सही लागेल. ती टपालानेही चालते असं मी विचारून घेतलंय. पण सही पाठवू नकोस, तू ये. मला जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल, एकट्याला बोल, किंवा काहीच बोलू नकोस. चिमणीला मात्र सांग, की तिच्या बाबांच्या हातून काहीही चूक झाली नव्हती, काकाने झाकून ठेवलं होतं. आणि जमलं तर तिलाही घेऊन ये. सभेच्या आदल्या शनिवारी मी होडी सोडणार नाही. पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत स्टँडवर उभा असेन.

तुझाच,
धाकटा